‘हार्मोनच्या गोळ्या म्हणजे स्तनाचा कॅन्सर’: या मेसेजमधलं खरं किती?

बायकांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हापुन्हा येतो: पाळी गेल्यावर हार्मोनच्या गोळ्या घेतल्या की स्तनाचा कॅन्सर होणारच, सगळे हार्मोन सारखेच, त्यापेक्षा ‘नैसर्गिक’ चूर्ण घ्या, आणि गोळ्या घेत नसाल तर मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) कशाला? यातलं थोडं खरं आहे, म्हणूनच बाकीचंही पटून जातं.

‘होणारच’: ही भीती आली अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अभ्यासातून. त्यातली इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन या दोन हार्मोनच्या गोळीची चाचणी जुलै २००२ मध्ये मध्येच थांबवली गेली. दर दहा हजार बायकांमागे वर्षाला औषध नसलेल्या गोळीवर ३० जणींना स्तनाचा कॅन्सर झाला, खऱ्या गोळीवर ३८ जणींना. म्हणजे आठ जणी जास्त. बातम्यांत मात्र ‘२६ टक्के वाढ’ छापून आलं आणि जगभर कितीतरी जणींच्या गोळ्या बंद झाल्या. धोका खोटा नाही. जितकी जास्त वर्षं घ्याल तितका तो वाढतो, आणि बंद केल्यावरही काही वर्षं थोडाफार उरतो. पण या गोळ्या देतात त्या पाळी जातानाच्या त्रासावर. रात्री घामाने गाऊन भिजतोय, झोप उडाली आहे, अशा बाईला हे आकडे सांगावेत आणि मग तिला ठरवू द्यावं.

‘सगळे हार्मोन सारखेच’: हे साफ चूक. प्रोजेस्टिन देतात ते गर्भाशयाच्या अस्तराला जपायला. गर्भाशयाची पिशवीच काढलेली असेल तर नुसतं इस्ट्रोजेन पुरतं. त्याच अभ्यासात पिशवी काढलेल्या १०,७३९ बायका होत्या. त्यांच्यात इस्ट्रोजेन घेणाऱ्यांना स्तनाचा कॅन्सर उलट कमी झाला. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या विश्लेषणात नुसत्या इस्ट्रोजेननेही थोडी वाढ दिसली, पण दोन हार्मोनच्या गोळीपेक्षा बरीच कमी. योनीत लावायच्या इस्ट्रोजेनच्या क्रीममधून तर रक्तात फारच थोडं जातं.

आपल्याकडे हा फरक फार मोलाचा आहे. बीड जिल्ह्यात २०१९ च्या सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, त्यात कितीतरी तरुण. पिशवीबरोबर अंडाशयंही गेली असतील तर तिशीतच पाळी गेल्यासारखं होतं आणि हाडं लवकर ठिसूळ होतात. एरवी पाळी जाण्याच्या वयापर्यंत तिला हार्मोन देणं म्हणजे शरीरातून हिरावलेलं परत देणं. तिलाच या मेसेजने घाबरवायचं, याचा मला संताप येतो.

‘नैसर्गिक’ चूर्ण: त्यात इस्ट्रोजेनसारखं काम करणारी वनस्पती असेल, तर किती मात्रा पोटात जाते ते डबीवर बहुधा नसतंच. जेवणातल्या सोयाबीनची भीती नको.

‘मॅमोग्राफी कशाला?’: सगळ्यात घातक ओळ ही. स्तनाचा कॅन्सर झालेल्या बहुतेक बायकांनी हार्मोनची गोळी कधी घेतलेलीच नसते. गाठ बहुतेक वेळा दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणूनच महिनोन्महिने घरात कुणाला सांगितली जात नाही. कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसली, बोंड आत ओढलं गेलं, त्यातून रक्त आलं, तर त्याच आठवड्यात दाखवा. दोन हार्मोनची गोळी चालू असेल तर मॅमोग्राफीच्या वेळी आवर्जून सांगा. तिने स्तनाची ऊती दाट दिसते आणि बारीक गाठ झाकली जाऊ शकते. आणि ज्यांना स्तनाचा कॅन्सर होऊन गेला आहे, त्यांनी या गोळ्या स्वतःच्या मनाने मुळीच सुरू करू नयेत. आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारावं.