योसेमिटी राहू द्या, आधी घरामागचं पार्क बघा

लाँग वीकेंड जवळ आला की सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियातल्या आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एकच धोशा सुरू होतो. योसेमिटी नॅशनल पार्कात जागा मिळाली का, टाहो तळ्यावर कोण कोण येतंय. पोरं चार-पाच वर्षांची असताना त्यांना चार तास गाडीत कोंबून धबधबा दाखवण्यात काय हशील, मला कळत नाही. आपल्या सांता क्लारा काउंटीची (म्हणजे जिल्ह्याची) स्वतःची पंचवीसच्या वर पार्क्स आहेत आणि गाडीमागे सहाएक डॉलर भरले की दिवस तुमचा.

लहान पोरांसाठी लॉस गॅटोसचं वासोना पुरे. तळं, पेडलच्या बोटी, आणि शेजारच्या ओक मेडोतून सुटून वासोनात शिरणारी बिली जोन्सची चिमुकली आगगाडी. (बदकांना पोळ्या घालू नका हो. पाटीखालीच डबा उघडून उभी राहते आपली मंडळी.) पोरं जरा मोठी असतील तर अल्माडेन क्विकसिल्व्हर. तिथे पाऱ्याची खाण होती. कॅलिफोर्नियात सोनं सापडलं तेव्हा ते वेगळं करायला लागणारा पारा या डोंगरातून जायचा. तो अजून तिथल्या तळ्यांच्या गाळात आहे, म्हणून मासा पकडायचा पण खायचा नाही. का, हे मुलांना समजावून सांगता सांगता रसायनशास्त्राचा एक तास होऊन जातो.

माझं लाडकं मात्र सॅन होजेतलं मार्शल कॉटल पार्क. चहूबाजूंनी घरं आणि मधोमध २८७ एकर शेती. वॉल्टर कॉटल लेस्टर या शेतकऱ्याने बिल्डरांना दाद दिली नाही. जमीन सरकारच्या हवाली केली ती अट घालूनच: इथे शेतीच राहील. २०१४ साली पार्क लोकांसाठी उघडलं, त्याच वर्षी लेस्टर वारले. टोमॅटो झाडाला लागतो हे इथे जन्मलेल्या कितीतरी पोरांनी तिथेच पहिल्यांदा पाहिलंय.

"इथल्या लोकांना निसर्गाची आवडच आहे," असं आपण कौतुकाने म्हणतो. आवड आपल्यालाही आहे, पण इथे तिच्यामागे पैसा बांधलेला आहे. १९७२ साली मतदारांनी ठरवलं की मालमत्ता करातला ठरावीक वाटा पार्कांसाठीच बाजूला ठेवायचा. नवा कर नाही, आहे त्यातलाच हिस्सा. २०१६ला पुन्हा कौल घेतला तेव्हा तो घराच्या किमतीच्या शंभर डॉलरमागे दीड सेंट ठरला. म्हणजे कराच्या हिशेबात घर दहा लाख डॉलरचं असेल तर वर्षाला दीडशे डॉलर. भाड्याने राहणाऱ्यांनीही निर्धास्त असावं, घरमालक ते तुमच्याकडूनच वसूल करतो!

सगळं गोड आहे असं मुळीच नाही. माउंट मॅडोना पार्कातले युर्ट (राहायचे गोल तंबू) उन्हाळ्यातल्या शनिवारी मिळणं म्हणजे दिवाळीत कोकण रेल्वेचं तिकीट. आणि सगळ्यात मोठी अडचण आपल्या आई-बाबांची. सहा महिन्यांसाठी येतात, गाडी चालवत नाहीत, आणि आपण ऑफिसात असताना त्याच गल्लीला दहा-दहा फेऱ्या मारतात. ग्रँट पार्क, माउंट मॅडोना या डोंगरातल्या जागी गाडीशिवाय पोचणं जवळपास अशक्य. काउंटीने निदान शनिवार-रविवार तरी लाइट रेलच्या स्टेशनवरून एखादी बस सोडावी. एवढ्या पैशांत तेवढं बसत नाही, हे मला कुणी सांगू नये.