एसएसएच मंद आहे, पण त्यात एन्क्रिप्शनचा दोष नाही

"एसएसएचवरून फाइल रडतखडत जातात, कारण प्रत्येक बाइट एन्क्रिप्ट होतो. आर्कफोर किंवा ब्लोफिश सायफर लावा, कॉम्प्रेशन चालू करा, तेवढ्यानं भागलं नाही तर सरळ एफटीपी वापरा." हा सल्ला सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरतोय. एसएसएच म्हणजे दूरच्या सर्व्हरशी एन्क्रिप्ट करून जोडायची पद्धत, सायफर म्हणजे एन्क्रिप्ट करायची रीत, आणि एफटीपी म्हणजे एन्क्रिप्शनविना फाइल पाठवायची जुनी पद्धत. लक्षण खरं आहे, निदान चुकलंय.

एईएस या सर्रास वापरल्या जाणाऱ्या सायफरसाठी खास इन्स्ट्रक्शन इंटेलच्या प्रोसेसरमध्ये 2010 पासून येऊ लागल्या. आजच्या सर्व्हरचा एक कोअर सेकंदाला शेकडो एमबी सहज एन्क्रिप्ट करतो, आणि गिगाबिट लाइन भरायला सव्वाशे एमबीसुद्धा लागत नाहीत. शिवाय एचटीटीपीएसही तेच एईएस वापरतं. त्यावरून आयएसओ फाइल धडाधड उतरते तेव्हा एन्क्रिप्शनची तक्रार कुणी करत नाही!

मग अडतं कुठे? ओपनएसएसएच हा एसएसएचचा नेहमीचा प्रोग्राम टीसीपीच्या (इंटरनेटवर डेटा पोचवणाऱ्या मूळ यंत्रणेच्या) आत स्वतःची वेगळी विंडो, म्हणजे पोच न येता वाटेत असू शकणाऱ्या डेटाची मर्यादा, ठेवतो, साधारण 2 एमबीची. तेवढा डेटा वाटेत असला की पलीकडून पोच येईपर्यंत पुढचा निघत नाही. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जाऊन यायला 200 मिलिसेकंद धरा. सेकंदाला पाच फेऱ्या, म्हणजे 10 एमबी. लाइन एक गिगाबिटची घ्या नाहीतर दहाची, आकडा तिथेच. तोच सर्व्हर शेजारच्या रॅकमध्ये असेल, तर तीच कमांड त्याच सायफरनं गिगाबिट लाइन भरून काढते. पिट्सबर्ग सुपरकॉम्प्युटिंग सेंटरच्या एचपीएन-एसएसएच या ओपनएसएसएचच्या सुधारित आवृत्तीनं मुख्यतः हीच विंडो मोठी होऊ दिली. पडताळून बघायचं असेल तर चार फाइल चार वेगळ्या कनेक्शनवरून एकदम पाठवा. एकूण वेग जवळपास चौपट झाला, तर सायफरला का झोडपायचं?

आर्कफोर आणि ब्लोफिश तर 2017 च्या ओपनएसएसएच 7.6 मधून काढूनच टाकलेत. सल्ला पाळायला गेलात तर फक्त एरर मिळेल. रास्पबेरी पाय 4 सारख्या एईएसची सोय नसलेल्या बोर्डवर मात्र सायफरनं फरक पडतो. तिथे चाचा20 हा सायफर बरा, आणि ओपनएसएसएचची पहिली पसंतीही तीच असते.

कॉम्प्रेशन मंद लाइनवर टेक्स्ट लॉगसाठी ठीक. व्हिडिओ किंवा झिपवर ते नुसता प्रोसेसर जाळतं.

एफटीपी लांबच्या सर्व्हरला खरोखर जास्त वेग देऊ शकतं, हे मान्य. पण ते टीसीपीवर दुसरी विंडो लादत नाही म्हणून. त्यासाठी पासवर्ड उघडा पाठवणं हा भलताच सौदा झाला.

आणि ज्याचा या सल्ल्यात उल्लेखच नाही ते म्हणजे बारक्या फाइल. 2022 च्या ओपनएसएसएच 9.0 पासून एससीपी ही फाइल पाठवायची कमांडसुद्धा आतून एसएफटीपी हीच एसएसएचवरची फाइल-पद्धत वापरते, आणि तीत प्रत्येक फाइलला वेगवेगळ्या विनंत्या लागतात: उघड, लिही, बंद कर. फाइलमागे तीनच फेऱ्या धरल्या, तरी दहा हजार फाइलना त्याच 200 मिलिसेकंदांनी 100 मिनिटं नुसती वाट पाहण्यात जातात. सगळं टारमध्ये (अनेक फाइलचं एकच गाठोडं करणाऱ्या प्रोग्राममध्ये) बांधून एसएसएचच्या पाइपमधून थेट पलीकडच्या टारला द्या. या फेऱ्याच उरत नाहीत.