ओला कचरा, सुका कचरा, वर्डचा कचरा

आमच्या मंडळाची गणपतीतली स्मरणिका दरवर्षी छापली जाते आणि दरवर्षी माळ्यावर जाते. यंदा ठरलं, ती वेबसाइटवर टाकायची. ठरवणारे सचिवकाका, टाकणारा मी. "फाइल तयारच आहे रे, वर्डमध्ये. तू फक्त चढव," काका इंदूरच्या राजवाड्यापाशी पोहे खाताखाता म्हणाले. त्या 'फक्त'मध्ये माझे तीन रविवार गेले.

वर्डमध्ये 'सेव्ह ॲज वेब पेज' असतं. ते केलं आणि मागचा कोड उघडून पाहिला. 'अध्यक्षीय मनोगत' या दोन शब्दांभोवती नऊ स्पॅन, म्हणजे अक्षरांची सजावट सांगणारी कोडची वेष्टनं! पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरावा तसं जिकडेतिकडे 'एमएसओ', म्हणजे मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या स्वतःच्या खुणा, भुरभुरलेलं. कशासाठी, तर पान परत वर्डमध्ये उघडलं तर जसंच्या तसं दिसावं. म्हणजे मुलीची पाठवणी करतानाच परतीचं तिकीट हातात! 'फिल्टर्ड' नावाचा दुसरा पर्याय बराच कचरा काढतो. बराच, सगळा नाही. 2017 पासून स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिल्या आलेल्या शहरात मी रात्री दोनपर्यंत रिकामे स्पॅन वेचत बसलो होतो, आणि सकाळी कचरागाडी गाणं वाजवत आली तेव्हा क्षणभर वाटलं, लॅपटॉपच नेऊन टाकावा. पण ओल्यात टाकायचा की सुक्यात?

काकांची अक्षरजुळवणी हा स्वतंत्र विषय. मथळा मध्यभागी आणण्यासाठी बटण असतं, हे त्यांना मान्य नाही. ते स्पेसबार मारत जातात आणि नजरेनं थांबतात. मी मोजल्या, सत्तावीस स्पेसा. एरवी ब्राउझर कितीही स्पेसा दिल्या तरी एकच दाखवतो. वर्डनं मात्र त्यांना 'न तुटणाऱ्या' करून पाठवलेलं. फोनवर 'अध्यक्षीय' वर आणि 'मनोगत' खाली, अबोला धरल्यासारखं.

शेवटी सगळं नोटपॅडमध्ये ओतलं. कचरा गेला, ठळक अक्षरं, तिरपी अक्षरं, तक्तेही गेले. फोटो मिळाले ते एका युक्तीनं: वर्डची .docx फाइल मुळात झिपच असते, नावाचं शेपूट बदलून .zip केलं आणि उघडली की 'मीडिया' फोल्डरात सगळे फोटो सापडतात. यावर मी घरात दोन दिवस भाव खाल्ला.

मग आला एका मावशींचा लेख, टायपिंगवाल्याकडून कृतिदेवमध्ये करून आणलेला. त्या फॉन्टात आत असतात इंग्रजी अक्षरं, वरून फक्त सोंग मराठीचं. वेबवर सोंग उतरलं. कन्व्हर्टर लावला, तर ऱ्हस्व वेलांट्या बिथरल्या. कृतिदेवमध्ये वेलांटी टाइपरायटरसारखी अक्षराच्या आधी मारतात, युनिकोडमध्ये, म्हणजे वेबवर चालणाऱ्या खऱ्या मराठी अक्षरांत, ती अक्षरानंतर येते. फुकटातल्या कन्व्हर्टरला हे कोणी सांगितलं नसावं. मावशींचे 'दिवस' बदलले, ते मी एकेक करून पूर्ववत केले.

अखेर पान झालं. स्वच्छ, हलकं, फोनवर झटकन उघडणारं. काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"छान आहे. पण जरा बोडकं नाही वाटत? वेलबुट्टी कुठे गेली?"

"काका, वेबवर असंच—"

"तू राहू दे. दमला असशील. मीच बघतो."

रात्री त्यांची मेल आली. त्यांनी माझं पान कॉपी करून वर्डमध्ये घेतलं होतं, चारी बाजूंनी किनार काढली होती, आणि मथळा मध्यभागी आणला होता.

मोजल्या. या वेळी एकतीस.