टीव्हीवरची ती लीग जुगार नाही, आणि तुमचा मुलगा गुन्हेगार नाही

रविवारी रात्री अकराला ताईचा फोन आला. आवाज पार उतरलेला. "खरं सांग गं, याला पोलीस नेतील का?" 'याला' म्हणजे माझ्या भाच्याला. वय सतरा, बारावीत. आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज आला होता. तो वाचून ताईने त्याचा फोन काढून घेतला होता आणि पोरगा न जेवता दार लावून बसला होता.

मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: टीव्हीवर मोबाईल गेमची जी लीग दाखवतात तो सरकारने बंदी घातलेला जुगार आहे, खेळणाऱ्याला तीन वर्षं तुरुंगवास होतो, गेम चिनी आहे आणि चोरून चालवतात, सगळा नशिबाचा मामला आहे, जागतिक आरोग्य संघटनेने त्याला आजार ठरवलंय आणि चीन-कोरियाने हे सगळं कधीच बंद केलंय. शेवटी नेहमीचं, 'प्रत्येक पालकापर्यंत पोहोचवा'. तो तीन ग्रुपवरून माझ्यापर्यंत आला, म्हणून हे लिहिते आहे.

आधी लीग कोणती ते सांगते, कारण मेसेज लिहिणाऱ्याने ती पाहिलेली नाही. बीजीएमआय मास्टर्स सिरीज. बीजीएमआय म्हणजे 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया', शेवटपर्यंत टिकून राहायचा बंदुकांचा मोबाईल गेम. पहिला हंगाम जून-जुलै २०२२ मध्ये झाला. आयोजन नॉडविन गेमिंगचं, प्रक्षेपण स्टार स्पोर्ट्सवर, २४ संघ, एकूण बक्षीस दीड कोटी रुपये आणि विजेता संघ ग्लोबल ईस्पोर्ट्स. त्यानंतरही हंगाम झाले. सगळं उघड, क्रीडावाहिनीवर, समालोचनासकट.

आता तुरुंगवासाचं. माझा खरा राग या वाक्यावर आहे, कारण ताई घाबरली ती याच वाक्याला.

मेसेजमध्ये ज्या कायद्याचा धाक दाखवलाय तो संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला. त्याचं नाव आहे ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन आणि नियमन कायदा. नावातला तो शब्द बघा: प्रोत्साहन. ते ईस्पोर्ट्ससारख्या, म्हणजे व्हिडिओ गेमच्या संघटित स्पर्धांसारख्या, खेळांसाठी आहे. बंदी आहे ती 'ऑनलाइन मनी गेम'वर, म्हणजे पैसे मिळतील या आशेने पैसे लावायचे त्या खेळांवर. त्याच कायद्यात ईस्पोर्ट्सची व्याख्या वेगळी दिली आहे. नियम ठरलेल्या, संघटित स्पर्धेत खेळला जाणारा खेळ. निकाल लागतो तो हाताचं कौशल्य, बुद्धीची चपळाई आणि डावपेच यांवर. प्रवेश फी घेता येते, पण ती स्पर्धेत उतरण्यापुरती किंवा आयोजनाच्या खर्चापुरती. कामगिरीनुसार बक्षीस देता येतं. आणि कोणीही, खेळाडूने किंवा बाहेरच्याने, पैज लावायची नाही. शाळेच्या कबड्डी स्पर्धेला फी भरून संघ उतरवतो आणि जिंकलेल्याला चषक व रोख रक्कम देतो, त्याला आपण कधी जुगार म्हणालो का?

आणि ती तीन वर्षं? ती शिक्षा आहे मनी गेम चालवणाऱ्याला आणि त्याच्या पैशांचे व्यवहार करून देणाऱ्याला: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा या कायद्यात नाही. अगदी मनी गेम खेळलेल्यालाही नाही, कारण सरकारने त्याला पीडित मानलंय. बाप-लेकरांना पोलिसांच्या नावाने घाबरवणारं ते वाक्य कोणीतरी अर्धवट बातमी वाचून जोडलंय, आणि आमच्या घरात त्या एका वाक्याने रात्रभर कोणाला झोप लागू दिली नाही.

एक अट मात्र सांगायला हवी. ईस्पोर्ट्स म्हणून मान्यता आणि नोंदणी लागते. त्यामुळे उद्या कोणीही रमीच्या ॲपला 'ईस्पोर्ट्स लीग' असं नाव दिलं म्हणून ते ईस्पोर्ट्स होत नाही. पालकांनी बघायची गोष्ट ही आहे. मुलाच्या फोनमधून पैसे कुठे जातात ते बघा. ताईने सोमवारी सकाळी त्याच्याबरोबर बसून बँकेची सगळी नोंद पाहिली. बेटिंगचं एकही ॲप निघालं नाही. दोनदा यूसी घेतलेलं निघालं, तेही वाढदिवसाच्या पैशांतून.

यूसी म्हणजे गेममधलं चलन, त्यावर कपडे आणि बंदुकांचे रंग मिळतात. ते परत रुपयांत काढता येत नाही. पण इथे मला मेसेजचा एक कोपरा मान्य करावाच लागेल: यूसी देऊन जे क्रेट, म्हणजे बंद पेट्या, उघडतात, त्यात काय निघेल ते नशिबावर असतं. ते मलाही आवडत नाही आणि भाच्याला मी तसं तोंडावर सांगितलंय. पण त्या रंगीत कपड्यांनी लीगमधला एकही गुण मिळत नाही.

गुण कसे मिळतात ते ऐका, म्हणजे 'सगळं नशिबावर' याचंही उत्तर होईल. एका लॉबीत, म्हणजे एका सामन्यात, १६ संघ, प्रत्येकी चार खेळाडू, एकूण ६४. सध्याच्या पद्धतीत शेवटपर्यंत टिकणाऱ्या संघाला १० गुण, दुसऱ्याला ६, मग ५, ४, ३, २ आणि सातव्या-आठव्याला एकेक. शिवाय प्रतिस्पर्धी टिपला की दर फिनिशला एक गुण. म्हणजे चौथा आलेला संघ ९ फिनिश करून १३ गुण घेतो आणि दोनच फिनिश करून चिकन डिनर मारणारा, म्हणजे पहिला आलेला, संघ १२ वर राहतो. असे सामने दिवसाला अनेक, आणि हे दिवसांमागून दिवस चालतं. एखाद्या सामन्यात झोन, म्हणजे ज्याच्या आत राहावं लागतं ते आकसत जाणारं वर्तुळ, तुमच्या डोक्यावरच लागला तर तो नशिबाचा भाग, नाही कोण म्हणतंय? नाणेफेक क्रिकेटमध्येही असते. अख्ख्या हंगामाच्या तक्त्यात वर राहायला नशीब पुरत नाही.

मागच्या वर्षी मी भाच्याच्या शेजारी बसून एक सामना पाहिला. नकाशा एरँगल, झोनचं पांढरं वर्तुळ लष्करी तळाच्या बेटावर लागलेलं. बेटावर जायला दोनच पूल. संघाचा आयजीएल, म्हणजे हाक देणारा कर्णधार, मुख्य भूमीवर तिघांना घेऊन अडकलेला. भाचा म्हणाला, "मावशी, पुलावर आता कोणीतरी दबा धरून बसलेलं असणार." आयजीएलने पूल सोडला, किनाऱ्यावरची बोट घेतली आणि वळसा घालून बेटाच्या मागच्या बाजूला उतरला. पुलावर खरंच एक संघ बसला होता. आकसणाऱ्या झोनची निळी कड जवळ आली तशी त्याला जागा सोडावी लागली, आणि उठला तो थेट या चौघांच्या बंदुकीसमोर. आयजीएल बोटीकडे वळण्याआधीच भाच्याने पडद्यावर ती बोट दाखवली होती. तो त्याच्या कॉलेजच्या संघाचा आयजीएल आहे. आठवड्यातून तीन संध्याकाळी त्यांचे स्क्रिम, म्हणजे सरावसामने, असतात. वहीत त्याने नकाशे काढलेत, कुठल्या टेकडीवरून कुठलं घर दिसतं याच्या खुणांसकट. ती वही मी ताईला दाखवली, तेव्हा तिने पहिल्यांदाच ती उघडली.

'चिनी गेम' हे अर्धं खरं, आणि ते अर्धं मी नाकारत नाही. पब्जी मोबाईलवर २ सप्टेंबर २०२० ला इतर ११७ ॲप्सबरोबर बंदी आली, कारण भारतात ते चिनी कंपनी टेन्सेंट चालवत होती. त्याच गेमची भारतासाठीची आवृत्ती म्हणजे बीजीएमआय, पण ती जुलै २०२१ मध्ये आणली दक्षिण कोरियाच्या क्राफ्टनने. क्राफ्टनमध्ये टेन्सेंटचा हिस्सा आहे, हेही खरं. पहिल्या हंगामाची अंतिम फेरी जुलै २०२२ मध्ये झाली आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला गेम सरकारी आदेशाने ॲप स्टोअरमधून गेला. मे २०२३ मध्ये तो सरकारच्या परवानगीनेच परत आला, आधी तीन महिन्यांच्या चाचणीवर आणि वेळेची मर्यादा घालून: १८ वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास, बाकीच्यांना सहा. त्यानंतर ऑगस्टमध्ये दुसरा हंगाम टीव्हीवर आला. 'चोरून चालवतात' हे कुठून काढलं?

आजाराचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे, १ जानेवारी २०२२ पासून ती यादी लागूही आहे. पण निकष वाचा. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होणं, नुकसान दिसूनही न थांबणं, आणि हे साधारण बारा महिने चाललेलं असणं. अशा मुलाला डॉक्टरकडे न्यायलाच हवं. खेळणाऱ्या प्रत्येकाला मात्र ते रोगी म्हणत नाहीत.

चीन आणि कोरिया. चीनने २०२१ मध्ये १८ वर्षांखालच्या मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री ८ ते ९ एवढाच वेळ ठेवला, हे बरोबर. कोरियात १६ वर्षांखालच्यांना मध्यरात्रीपासून सहापर्यंत बंदी होती, ती जानेवारी २०२२ पासून उठली. पण स्पर्धा बंद केल्या? हांगझौच्या आशियाई खेळांत, २०२३ मध्ये, ईस्पोर्ट्स पहिल्यांदा पदकांसाठी खेळले गेले. यजमान चीन, आणि सर्वांत जास्त सुवर्णपदकंही चीनचीच. लीग ऑफ लेजंड्स या गेमचं सुवर्ण जिंकणाऱ्या कोरियन मुलांना सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट मिळाली. आपल्या भूजच्या तीर्थ मेहताने २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई खेळांत, ईस्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून होते तेव्हा, हार्थस्टोन या पत्त्यांच्या गेममध्ये कांस्य आणलं होतं.

आणखी एक. ज्या कायद्याचा धाक मेसेजमध्ये दाखवलाय, त्याच कायद्यानंतर पैसे लावून खेळायच्या ड्रीम११ ला भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून उतरावं लागलं. जुलै २०२३ पासून दोन वर्षं ते नाव घराघरात लहान मुलांच्या डोळ्यांसमोर होतं. तेव्हा 'सावधान पालक' असा एकही मेसेज माझ्याकडे आला नव्हता.

ताईने सोमवारी दुपारी भाच्याला फोन परत दिला. स्क्रिम रात्री दहाच्या आत संपवायचे आणि परीक्षेच्या महिन्यात बंद, एवढं दोघांनी मिळून ठरवलंय. ज्या काकांनी मेसेज टाकला होता त्यांना मी कायद्यातली ती व्याख्या पाठवली आहे आणि मेसेज काढायला सांगितलंय. काका, अजून तो तिथेच आहे.