ठासणीची बंदूक आणि माझी मुलगी

गेल्या ऑक्टोबरात कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर मी माझ्या अकरा वर्षांच्या मुलीचे एक छायाचित्र टाकले. पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टरजवळच्या एका क्लबच्या मैदानावर, कान झाकून आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावून, ती ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायच्या जुन्या पद्धतीच्या, बंदुकीच्या नळीत ठासायचा गज सारते आहे. कुडाळहून काकांचा प्रश्न पाच मिनिटांत आला : ‘अरे, चेडवाच्या हातात बंदूक कित्याक दिलंस?’ पुण्याच्या मावसबहिणीने अमेरिकेतल्या शाळांमधील गोळीबारांची आठवण करून दिली, तर कोल्हापूरच्या मेहुण्याने ‘शेवटी मावळ्यांचे रक्त!’ असे लिहून भगवा झेंडा जोडला. मेहुण्याचे कौतुक मला बहिणीच्या टीकेपेक्षा अधिक खटकले, त्याचे कारण पुढे येईलच.

काकांना बंदूक नवी नाही. आजोबांच्या नावावर शेतीसंरक्षणाचा परवाना होता आणि माजघरातल्या खुंटीवर केपाची, म्हणजे ठोका बसताच पेटणाऱ्या धातूच्या छोट्या टोपीने बार उडवणारी, बंदूक टांगलेली असे. वानर आणि रानडुकरे यांच्यापासून बागायत राखण्यासाठी सिंधुदुर्गात अशा बंदुका आजही आहेत. निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, आणि आचारसंहिता माणसांना लागू होते, वानरांना नाही, अशी तक्रार दर निवडणुकीला ऐकू येते. आम्हा मुलांना मात्र त्या बंदुकीकडे बोट दाखवण्याचीही मुभा नव्हती. परिणाम व्हायचा तोच झाला. एका मे महिन्यात मी आणि चुलतभावाने केपांची डबी पळवली आणि विहिरीच्या काठावर एकेक केप दगडाने फोडली. आजोबांनी फोकाने मारले, पण केप म्हणजे काय, ती कशी पेटते आणि डोळ्यात तिचा तुकडा गेला तर काय होते, हे त्यांनीही सांगितले नाही आणि काकांनीही नाही.

मी राहतो त्या भागात ही बंदूक खुंटीवरची नसून अंगणातली आहे. अठराव्या शतकात जर्मन भाषक कारागिरांनी लँकेस्टरच्या परिसरात लांब नळीच्या, आतून पेचदार खाचा पाडलेल्या रायफली घडवल्या, आणि नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून येथे हरणाच्या शिकारीचा जो खास हंगाम सुरू होतो, त्यात आजही चकमकीची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने दारू पेटवणारी, बंदूकच वापरावी लागते. शिकारीशी आम्हाला कर्तव्य नाही, आम्ही कागदावर नेम धरतो. इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप या खेड्यात ठासणीच्या बंदुकांच्या राष्ट्रीय संघटनेचे मोठे मैदान आहे. 1933 साली स्थापन झालेल्या या संघटनेच्या स्पर्धांना आजोबा, सून आणि नातवंडे एकाच तंबूत मुक्कामाला येतात. आपल्याकडे जत्रेला जावे तसेच ते वाटते.

आता त्या छायाचित्रातल्या गजाविषयी. बंदूक जमिनीवर टेकवली की नळीचे तोंड माझ्या मुलीच्या हनुवटीशी येते, म्हणून पहिला धडा नेमाचा नव्हता. भरताना नळी चेहऱ्यापासून दूर कलती कशी धरायची, हा तो धडा होता. शिंगड्यातली, म्हणजे दारू साठवायच्या पोकळ शिंगातली, बंदुकीची दारू थेट नळीत कधीच ओतायची नाही, कारण आधीच्या बाराची एखादी ठिणगी आत जिवंत असली तर अख्खे शिंगडे हातात पेट घेईल. दारू आधी मापात घ्यायची आणि मगच नळीत टाकायची. तिचे माप तीस ग्रेनचे, म्हणजे जेमतेम दोन ग्रॅम. त्यावर तेलात भिजवलेल्या कापडाच्या चकतीत गुंडाळलेली शिशाची गोळी ठेवायची आणि गज नळीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरून थोडा थोडा रेटायचा, कारण एका दमात रेटलेला लाकडी गज मोडून तळहातात घुसू शकतो. बंदुकीच्या कानाजवळच्या, म्हणजे नळीच्या बाजूला असलेल्या छिद्राजवळच्या, पात्रात रंजक, म्हणजे बार पेटवणारी चिमूटभर दारू, घालायची ती निशाणासमोर उभे राहिल्यावरच. चाप ओढल्यावर रंजक भक्कन पेटून बार झालाच नाही, तर नळी निशाणाकडे रोखून किमान एक मिनिट स्तब्ध उभे राहायचे. अकरा वर्षांच्या मुलीला हे एक मिनिट किती मोठे वाटते, ते शेजारी उभे राहिल्याशिवाय कळत नाही. तासाभरात तिचे आठ बार होतात. घरी परतण्याआधी गरम पाणी आणि साबणाने नळी धुवावी लागते, नाहीतर दारूची काजळी हवेतला ओलावा शोषून लोखंडाला गंज चढवते, आणि त्या पाण्याला नरकचतुर्दशीच्या पहाटेचा वास येतो.

हा वास आला की मला आपल्या दिवाळीतली टिकल्यांची पिस्तुले आठवतात. तीन वर्षांचे मूल ते पिस्तूल बहिणीच्या कपाळावर रोखते आणि घरातली मोठी माणसे छातीवर हात ठेवून खोटे खोटे कोसळतात. यात कोणालाही संस्कारांची काळजी वाटत नाही. आमच्या मैदानावर एका मुलाने रिकामी बंदूक हातात असताना हाक आली म्हणून मागे वळून पाहिले आणि नळीचे तोंड माणसांच्या रांगेवरून फिरले. त्या दिवसापुरते त्याला शांतपणे बाहेर बसवण्यात आले. त्याच्या वडिलांनी हरकत घेतली नाही. काकांना माझे उत्तर एवढेच, की मुलीच्या हाती मी बंदूक दिली ती असे बाहेर बसवणाऱ्या माणसांच्या देखत.

मावसबहिणीला मात्र असे सहज उत्तर देता येत नाही. 2020 साली या देशात एक ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलांच्या मृत्यूंचे पहिल्या क्रमांकाचे कारण बंदूक हे होते. त्यात ठासणीच्या बंदुकीचा वाटा शोधूनही सापडणार नाही, असे माझे क्लबमधले स्नेही सांगतात. ते बहुधा खरेही असेल, पण मला त्यात पळवाट दिसते. ज्या समाजाने घराघरात भरलेली पिस्तुले सोसली, त्याच समाजाने मला हे निवांत मैदान दिले आहे. 1968 च्या संघीय कायद्याप्रमाणे बहुतेक ठासणीच्या बंदुका ‘फायरआर्म’ या व्याख्येतच बसत नाहीत आणि त्या टपालाने घरपोच येतात. भारतात परवान्यासाठी वयाची एकवीस वर्षे पूर्ण असावी लागतात, प्रशिक्षणापुरती काय ती सवलत. या दोन कायद्यांपैकी एक निवडायचा झाला तर मी विनासंकोच भारताचा निवडीन, मैदानावरचा माझा शनिवार त्यात बुडाला तरी.

म्हणूनच मेहुण्याचा झेंडा मला रुचला नाही. पॅरिस ऑलिंपिकमध्ये 2024 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवले, ते पन्नास मीटरवर तीन आसनांत तासन् तास श्वास आवरून. त्यात रक्ताचा संबंध नाही, सरावाचा आहे. महाराष्ट्रातल्या ज्या पालकांना मुलांनी नेमबाजी शिकावी असे वाटते, त्यांच्यासाठी दहा मीटरची एअर रायफल पुरेशी आहे. गडावर शिवकाळाच्या नावाने मुलांकरवी दारूचे बार काढण्याची कल्पना मेहुण्याने नंतर फोनवर बोलून दाखवली, तेव्हा मी स्पष्ट नकार दिला. कर्नाटकातल्या कोडगूची (कूर्गची) गोष्ट निराळी. तेथील कोडव कुटुंबांना शस्त्र परवान्यातून सूट आहे आणि कैलपोढ सणाला ते बंदुकीची पूजा करतात, पण ती रीत त्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्या अखंड चालत आली आहे. आपण ती इव्हेंटवाल्याकडून विकत आणणार.

मुलीने बाराव्या वाढदिवसाला बंदुकीचे सुटे भाग मागितले आहेत. बंदुकीचा लाकडी दस्ता तिला स्वतः तासून तेल पाजायचा आहे. मी होकार दिला, पण जुळणी क्लबच्या कार्यशाळेत होईल आणि बंदूक तेथल्याच कुलुपबंद कपाटात राहील, या अटीवर. माजघरातल्या खुंटीची हकीकतही तिला सांगितली. तिला ती अट मान्य नाही. आमची बोलणी अजून चालू आहेत.