सर्वांत मोठ्या आकड्याचा इअरप्लग: एका प्रतिक्रियेला उत्तर

इअरप्लगवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया कडक आहे, पण कळकळीने लिहिलेली आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. तुमचं म्हणणं असं: ग्राइंडरवर काम करणाऱ्याने बाजारात मिळणारा सर्वांत मोठ्या आकड्याचा, म्हणजे एनआरआर (प्लग किती डेसिबल आवाज अडवतो हे सांगणारा पाकिटावरचा आकडा) 33चा फोम प्लगच घ्यावा. ‘आकड्यामागे धावू नका’ हा माझा सल्ला बेजबाबदार आहे. आणि संगीतकारांसाठीचे फिल्टरवाले प्लग म्हणजे निव्वळ पैसे उकळणं.

आधी तो 33. हा आकडा प्रयोगशाळेतला आहे. तिथे प्लग काळजीपूर्वक बसवतात आणि मग मोजतात. कामाच्या जागी घाईघाईत, अर्धवट बाहेर राहिलेला प्लग तेवढा आवाज अडवत नाही. म्हणूनच कामगारांच्या सुरक्षिततेवर आणि आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या निऑश या संस्थेने 1998च्या शिफारशींत फोम प्लगवरचा आकडा निम्माच धरायला सांगितलं होतं. आता तर ती प्रत्येकाच्या कानात प्लग बसवून प्रत्यक्ष किती आवाज अडतो ते मोजा, असं सांगते. कारण एकच प्लग एकाच्या कानात भक्कम बसतो आणि दुसऱ्याच्या कानात नुसता टेकलेला असतो. नीट बसलेला 25चा प्लग वाकड्या बसलेल्या 33पेक्षा सरस ठरतो, हे मी लिहिलं होतं आणि त्यावर ठाम आहे.

‘बोलण्यापुरता दोन मिनिटं काढला तर काय बिघडलं?’ असं तुम्ही विचारलंत. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. डेसिबलचं गणित साध्या सरासरीचं नाही. समजा प्लग खरोखर 30 डेसिबल अडवतो आणि आठ तासांच्या पाळीत गोंगाट सारखाच आहे. त्यातला फक्त अर्धा तास प्लग काढलात, तर दिवसभराचं संरक्षण 12 डेसिबलच्या आसपास येतं. पाचच मिनिटं काढलात तरी ते 20च्या खाली जातं. त्या उघड्या मिनिटांत कानावर पडलेला आवाज बाकीच्या तासांची कमाई खाऊन टाकतो.

आता माणूस प्लग काढतो तरी कशासाठी? बहुतेकदा समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही म्हणून. गरजेपेक्षा जास्त आवाज अडवणारा प्लग घातला की सहकाऱ्याची हाक, धोक्याचा भोंगा, यंत्राचा बदललेला सूर, सगळंच बुडतं. 90 डेसिबलच्या जागी 33चा प्लग नीट बसवला, तर माणूस जवळजवळ बहिराच होतो आणि तासाभरात प्लग खिशात जातो. ‘आधी आपल्या जागेचा आवाज मोजा, मग प्लग निवडा’ असं मी म्हणतो ते यासाठी.

तुमच्या ग्राइंडरची गोष्ट मात्र वेगळी. 100 डेसिबलला निऑशच्या हिशेबाने उघड्या कानांना दिवसाला फक्त 15 मिनिटं मुभा आहे. तिथे मोठा आकडा योग्यच, आणि आवाज 100च्या वर जात असेल तर प्लगवर इअरमफ, म्हणजे अख्खा कान झाकणाऱ्या वाट्याही चढवा. दोन्हींच्या आकड्यांची बेरीज मात्र करू नका. दुसऱ्या साधनाने साधारण पाचेक डेसिबलचीच भर पडते.

फिल्टरवाल्या प्लगांबद्दल थोडक्यात. फोम उंच पट्टीचे सूर खालच्या सुरांपेक्षा जास्त दाबतो, म्हणून गाणं कोंदट वाटतं. फिल्टर सगळे सूर जवळपास सारखेच कमी करतो. तुम्हाला त्याची गरज नाही, पण रोज वाद्यवृंदात बसणाऱ्याला आहे. चांगला सूर ऐकू येत असेल तरच तो प्लग कानात ठेवील.

एक विनंती. आज प्लग घालताना स्वच्छ, कोरड्या हातांनी त्याची बारीक, सुरकुती न पडलेली वळकटी करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत 20-30 सेकंद बोटाने धरून ठेवा. मग यंत्र चालू असताना दोन्ही कानांवर तळवे घट्ट दाबून पाहा. आवाज आणखी बराच कमी झाला, तर प्लग बसलेला नाही. पुन्हा घाला, नाहीतर दुसऱ्या मापाचा आणा.

आणि पाळी संपल्यावर कानात शीळ वाजत असेल, तर ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून घ्या. गोंगाटाने होणारी हानी बहुधा आधी 4000 हर्ट्झच्या आसपास दिसते, बोलणं ऐकायला अडचण येण्याच्या बरंच आधी.