‘खेळाने भाषा वाचत नाही’ म्हणणाऱ्यांना, गेलिकच्या बाजूने

स्कॉटलंडमध्ये शाळकरी मुलांसाठी फुटबॉल, शिंटी (हॉकीसारखा तिथला पारंपरिक खेळ), कयाकिंग असे खेळ गेलिक या तिथल्या जुन्या भाषेतून घेतले जातात. खेळाचे नियम तेच, फक्त प्रशिक्षक सगळा वेळ गेलिक बोलतो. या उपक्रमांविरुद्ध एक युक्तिवाद पुन्हा पुन्हा फिरतो आणि भाषेची मनापासून काळजी असणारी माणसंही तो मान्य करून टाकतात. तो थोडक्यात असा: भाषा वर्गात शिकतात, मैदानावर फार तर पन्नास शब्द कानावर पडतात. आयर्लंडने एकशेचाळीस वर्षं खेळ आणि भाषा एकत्र बांधून पाहिली, तरी तिथली मूळ भाषा आयरिश परतली नाही. शिवाय ज्यांना भाषा येत नाही ती मुलं खेळातून बाहेर फेकली जातात. तेव्हा हा पैसा शिक्षकांना द्या.

मला यातलं जवळजवळ काहीच पटत नाही.

वर्गाचं महत्त्व कुणी नाकारत नाही. गेलिक माध्यमाचे पहिले प्राथमिक वर्ग १९८५ साली ग्लासगो आणि इन्व्हरनेस इथे निघाले. घरात गेलिक नसलेल्या हजारो मुलांना ही भाषा मिळाली ती शाळेमुळेच. २०११च्या जनगणनेत स्कॉटलंडमध्ये गेलिक बोलू शकणारे ५७ हजारांच्या थोडे वर होते, २०२२ मध्ये ते ६९,७०० च्या आसपास पोचले. पण त्याच जनगणनेत, भाषेचा बालेकिल्ला असलेल्या पश्चिमेकडच्या बेटांवर गेलिक बोलणाऱ्यांचं प्रमाण प्रथमच निम्म्याखाली गेलं. बोलता येणारे वाढत आहेत आणि बोलण्याच्या जागा कमी होत आहेत. बेटांवरची तरुण मुलं आपापसांत गेलिक फारच कमी वापरतात, असं तिथल्या पाहण्यांतून दिसलं आहे. मुलाला एखादी भाषा फक्त चुका काढणाऱ्या माणसाच्या तोंडून ऐकायला मिळाली, तर ती परीक्षेची भाषा होऊन बसते. अमेरिकेतल्या रविवारच्या मराठी शाळांत मुलांना सोडायला जाणाऱ्या आईबाबांना हे समजावून सांगावं लागणार नाही. मूल वर्गात कविता म्हणतं आणि दाराबाहेर पाऊल ठेवताच मैत्रिणीशी इंग्रजीत बोलू लागतं. कमतरता शिकवण्याची नसते. मुलामुलांत ती भाषा बोलायला काही कारणच नसतं.

आता पन्नास शब्दांबद्दल. सरावात चेंडू, पास, डावीकडे, मागे बघ एवढंच ऐकू येतं, हे पहिल्या दिवशी खरं असतं. नंतर खेळ फक्त चेंडूपुरता राहत नाही. गोल झाला की नाही यावरून भांडण होतं, कुणाचा बूट सापडत नाही, कुणी रुसून बाजूला बसतं, कुणी घरी काय झालं ते सांगतं. स्काय बेटावरच्या संघाला इन्व्हरनेसला खेळायला जायचं तर एका बाजूचाच प्रवास तीनेक तासांचा. एवढ्या वेळात गाडीत मुलं गप्प बसत नाहीत, आणि सोबतचा प्रशिक्षक गेलिक बोलणारा असेल तर त्या गप्पांत गेलिक येते. तक्रार करायची, चिडवायची, थाप मारायची भाषा पाठ्यपुस्तकात नसते, आणि मुलांना रोज लागते ती हीच.

आयर्लंडचा मुद्दा सगळ्यांत वजनदार आहे, म्हणून त्यावर जास्त बोलायला हवं. आयर्लंडचे पारंपरिक खेळ चालवणाऱ्या गेलिक ॲथलेटिक असोसिएशनची स्थापना १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स इथे झाली. तेव्हा आयरिश भाषेचं मोठं नुकसान होऊन गेलं होतं. १८४५ पासूनच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली, आणि त्यांत आयरिश बोलणारा गरीब पश्चिम भाग सर्वाधिक भरडला गेला. १८५१च्या जनगणनेतच आयरिश बोलणारे चौथ्या हिश्श्याहून कमी होते. हे नुकसान कुठल्याही क्रीडा संघटनेच्या गळ्यात घालता येत नाही.

दुसरं असं की, ज्याला प्रयोग म्हटलं जातं तो झालाच नाही. संघटनेच्या नियमांत भाषेला पाठिंबा आहे, खेळाडूंची नावं आयरिशमध्ये छापली जातात, चषक उचलताना कर्णधार दोनचार वाक्यं आयरिशमध्ये बोलतो. पण बहुतेक क्लबांत मुलांचा रोजचा सराव इंग्रजीतच चालत आला. समारंभात वापरलेली भाषा समारंभातच राहिली, यात खेळाचा पराभव कुठे दिसतो? जिथे सरावच आयरिशमध्ये होतो असे क्लब अलीकडचे आहेत: डब्लिनचा ‘ना गेल ओग’, बेलफास्टचा ‘लेखरा लॉख लाओ’. आयरिशभाषक भागांतल्या क्लबांची फुटबॉल स्पर्धा मात्र १९६९ पासून भरते आहे. वेल्समध्ये १९२२ साली स्थापन झालेली ‘उर्द’ ही युवा संघटना वेल्श भाषेतून शिबिरं आणि खेळ चालवते, आणि तिथे कुणी खेळ भाषेपासून वेगळा काढा असं म्हणत नाही.

आयर्लंडचे आकडे तर या दाव्याच्या उलटच बोलतात. २०२२च्या जनगणनेत १८ लाख ७० हजारांहून जास्त लोकांनी आयरिश येते असं सांगितलं, आणि शिक्षणाबाहेर ती रोज बोलणारे निघाले सुमारे ७२ हजार. शाळेने आपलं काम केलं. शाळा सुटल्यावर ती भाषा घेऊन जायचं कुठे, याचं उत्तर मिळालं नाही. हाच आकडा दाखवून पुन्हा ‘सगळं शाळेवरच खर्च करा’ म्हणणं मला समजत नाही.

मुलं बाहेर फेकली जातात, ही भीती मी हलक्यात घेत नाही. संघाची निवड कधीही भाषेवर होऊ नये. पण नवशिक्याला सामावून घ्यायला मैदानाइतकी सोपी जागा कमीच असेल. शब्द कळला नाही तरी पुढचा खेळाडू काय करतोय ते दिसतं, आणि त्यातूनच शब्द कळतो. आयर्लंडचा खेळाडू शॉन ओग ओ हॅल्पिन याचा जन्म फिजीतल्या रोटुमा बेटावर झाला, आई तिथलीच. लहानपणीची काही वर्षं सिडनीत काढून तो आयर्लंडमधल्या कॉर्कला आला. २००५ साली कॉर्कने हर्लिंग या आयरिश काठी-चेंडूच्या खेळाचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं तेव्हा कर्णधार तोच होता, आणि डब्लिनमधल्या क्रोक पार्कच्या भरल्या मैदानात त्याने विजयाचं पूर्ण भाषण आयरिशमध्ये केलं. ही भाषा नेमकी कुणाची, हा वाद घालणाऱ्यांनी तो क्षण आठवावा.

माझी स्वतःची एक तक्रार आहे, आणि ती या उपक्रमांच्या समर्थकांशी आहे. गेलिक म्हटलं की शिंटी, हे समीकरण सोडायला हवं. शिंटीवर माझं प्रेम आहे, पण लुईस आणि उईस्ट या बेटांवरच्या मुलांना फुटबॉल हवा असतो. मुलं जो खेळ खेळतात त्यात भाषा न्यायची. भाषेच्या इतिहासाला शोभेल असा खेळ आपण निवडून मुलांच्या हाती द्यायचा नाही.

राहता राहिला पैसा. शिक्षक कमी आहेत हे खरंच आहे, पण हे काम शिक्षकांच्या ताटातलं ओढून चालत नाही. ‘कोमुन ना गालिक’सारखी संस्था गावोगावच्या अधिकाऱ्यांकरवी युवा मंडळं आणि मैदानी उपक्रम चालवते. २०२४ साली या अधिकाऱ्यांच्या पदांचा निधीच संपण्याची वेळ आली होती. मोठा विरोध झाल्यावर स्कॉटलंड सरकारने पैसे दिले. असा निधी टिकला तर गेलिक शाळेतून बाहेर पडणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींना प्रशिक्षक म्हणून तयार करता येतं. त्यांना शिकलेल्या भाषेत काम मिळतं. आणि आठ वर्षांच्या पोराला गेलिक ऐकू येते ती, गुण देणाऱ्या बाईंकडून नव्हे, तर ज्याच्यासारखी किक मारायची त्याची धडपड चालू असते त्या ताई-दादाकडून.